अ‍ॅफिलिएट ४१२, विक्री आणणारे १९. कमिशन वाढवून काही होतं का?

कुंपण
मंडळी नमस्कार. आमची छोटी कंपनी आहे, लहान धंदेवाल्यांसाठी हिशोब ठेवायचं अ‍ॅप विकतो, वर्षाची वर्गणी. दीड वर्षापूर्वी अ‍ॅफिलिएट प्रोग्राम सुरू केला, म्हणजे जो आपल्या साइटवर आमची लिंक लावून विक्री आणेल त्याला कमिशन, आणि आधी जो मुलगा बघायचा तो सोडून गेला म्हणून तीन महिन्यांपासून ते लचांड माझ्या गळ्यात आहे. मूळचा मी सपोर्टवाला, मार्केटिंगचा गंध नाही.

परिस्थिती अशी की यादीत ४१२ अ‍ॅफिलिएट आहेत. त्यातल्या २७१ जणांच्या लिंकवर आजवर एकही क्लिक नाही. १२२ जणांकडून क्लिक येतात, विक्री शून्य. गेल्या महिन्यात विक्री आणणारे फक्त १९, आणि त्यातही दोन कूपन साइट्स मिळून ५८ टक्के. साहेबांचं म्हणणं, कमिशन २० टक्क्यांवरून सरसकट ३० करा, लोक आपोआप कामाला लागतील. मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते मुद्देसूद सांगता येत नाही. शुक्रवारी मीटिंग आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, अ‍ॅफिलिएट नक्की सांभाळायचे कसे? वाढवायचे, कमी करायचे, की आपापले सोडून द्यायचे?

रिकामटेकडा_७
रोमात. वाचतोय.

उंटावरचा_शहाणा
सोपंय. ३९३ काढून टाका, १९ ठेवा. त्यातून कूपनवाले दोन वजा करा. १७ उरले. १७ जणांशी फोनवर बोला. प्रश्न मिटला, शुक्रवारी सुट्टी घ्या.

जुना_गडी
उंटराव, एवढं सोपं असतं तर आम्ही बारा वर्षं यात केस पांढरे केले नसते.

कुंपण, आधी साहेबांचा मुद्दा घेऊ. कमिशन वाढवल्याने झोपलेला माणूस उठत नाही कारण तो कमिशन कमी आहे म्हणून झोपलेला नसतो. २७१ लोकांच्या लिंकवर क्लिकच नाही याचा अर्थ त्यांनी लिंक कुठे लावलीच नाही, आता न लावलेल्या लिंकवर २० टक्के द्या नाहीतर ९० टक्के द्या, शून्याचे ९० टक्के शून्यच. उलट सरसकट ३० केलं की ज्या दोन कूपनवाल्यांकडून ५८ टक्के विक्री दिसतेय त्यांचंच बिल दीडपट होणार. साहेबांना हे एक वाक्य सांगितलं तरी मीटिंग अर्धी संपेल.

आता झोपलेल्यांचं. माझा अनुभव असा की नाव नोंदवल्यापासून पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत ज्याने लिंक लावली तो लावतो, नंतर माणूस विसरून जातो. म्हणून मंजुरी दिली की त्याच दिवशी स्वतः एक साधा मेल टाकायचा, दोनच ओळी, की तुमच्या साइटवरचा अमुक लेख वाचला, त्यात आमची ही लिंक बसेल, ही घ्या तयार. 'प्रिय भागीदार' असला छापील मेल नाही. यासाठी त्याची साइट खरंच उघडून बघावी लागते, आणि तेच कोणी करत नाही.

आणि क्लिक येऊन विक्री नाही त्या १२२ जणांना आळशी समजू नका. एकदा एका बाईंना फोन केला होता, त्यांच्याकडून महिन्याला बऱ्यापैकी क्लिक यायचे आणि विक्री नावाला नाही. त्या म्हणाल्या, अहो तुमची लिंक दाबली की तुमचं होमपेज उघडतं, मी लिहिलंय एका विशिष्ट फीचरबद्दल, वाचणाऱ्याला ते तिथे सापडतच नाही. मी स्वतः दाबून बघितली. खरंच. आमच्या डॅशबोर्डवर थेट आतल्या पानाची लिंक बनवायची सोयच बंद पडली होती आणि कधीपासून ते कोणालाच माहीत नाही. इतके महिने आम्ही मात्र त्यांना 'विक्री वाढवण्याच्या टिप्स' पाठवत होतो.

टाचणी
जुना_गडी, +१००. मी पलीकडच्या बाजूची आहे, म्हणजे मी अ‍ॅफिलिएट. सॉफ्टवेअरची परीक्षणं लिहिते, पाच-सहा प्रोग्रामांत आहे, त्यामुळे आमची बाजू पण ऐका.

आम्ही लिंक का काढतो माहितीये? कमिशन कमी म्हणून फार क्वचित. पैसे कधी येणार ते कळत नाही म्हणून. एका प्रोग्रामात माझ्या एका महिन्याच्या जवळपास निम्म्या विक्रीपुढे 'रद्द' लागलं, कारणाच्या रकान्यात 'इतर'. इतर म्हणजे काय? ग्राहकाने परत केलं? कार्ड फसवं निघालं? की तुमच्या कोणीतरी महिन्याचं बजेट संपलं म्हणून खोडलं? तीन मेल टाकले, उत्तर नाही. चौथा मेल टाकला नाही, ते परीक्षण उघडलं आणि त्यांची लिंक काढून त्यांच्या स्पर्धकाची लावली. पाच मिनिटांचं काम. ते पान आजही शोधात वर येतं.

याच्या उलट एक मॅनेजर होते, त्यांचं कमिशन बाकीच्यांपेक्षा कमी होतं. पण रद्द झालेल्या प्रत्येक विक्रीपुढे कारण असायचं, आणि तीन महिन्यांतून एकदा ते मला कळवायचे की तुझ्याकडून आलेले लोक परत का जातायत. एकदा म्हणाले, तुझ्या लेखात लिहिलंय की ऑफलाइन चालतं, ते फक्त वरच्या प्लॅनमध्ये चालतं. मी एक वाक्य बदललं आणि रद्द होणं जवळजवळ थांबलं. त्यांच्यासाठी मी अजून लिहिते.

बोरूबहाद्दर
टाचणीताई म्हणजे नावाप्रमाणे टोचलं बरोबर :)

उंटावरचा_शहाणा
टाचणी, ते सगळं ठीक. पण कूपनवाल्यांचं काय? माझं मत ठाम आहे, हाकला. ग्राहक तुमच्या साइटवर आलेला, वस्तू निवडलेली, पैसे भरायला बसलेला, तिथे 'कूपन कोड आहे का?' असा चौकोन दिसला की तो दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन कोड शोधतो, कूपन साइट उघडते, क्लिक नोंदला जातो आणि विक्री तिच्या नावावर. आयत्या बिळावर नागोबा. आणि तुम्ही त्या नागोबाला दूध... जाऊ दे.

आकडेमोड
इथे थोडं थांबू. उंटरावांनी जे सांगितलं ते घडतं हे खरं, पण *तुमच्याकडे* किती घडतं ते न मोजता हाकलणं म्हणजे साहेबांसारखंच झालं, फक्त उलट दिशेने.

बहुतेक प्रोग्राम 'शेवटचा क्लिक' या नियमावर चालतात, म्हणजे खरेदीआधी सगळ्यात शेवटी ज्याची लिंक दाबली गेली त्याला पूर्ण कमिशन. नियम सोपा म्हणून टिकला, न्याय्य म्हणून नाही. टाचणी यांचं परीक्षण वाचून माणसाने सोमवारी ठरवलं, गुरुवारी पैसे भरताना कूपन शोधलं, तर टाचणींना शून्य.

कुंपण, तुमच्याकडे क्लिकची वेळ आणि खरेदीची वेळ दोन्ही असणार. दोन्हीतला फरक काढा, प्रत्येक अ‍ॅफिलिएटचा वेगळा. परीक्षणवाल्याचा क्लिक आणि खरेदी यात काही तास, काही दिवस जातात, माणूस फिरतो, तुलना करतो. ज्याच्याकडे बहुतेक खरेद्या क्लिकनंतर मिनिट-दोन मिनिटांत होतायत तो ग्राहक आणत नाहीये, गल्ल्यापाशी उभा आहे. दुसरं, नवा ग्राहक किती आणि जुनाच नूतनीकरण करायला आलेला किती ते वेगळं करा. वर्गणीच्या धंद्यात तर जुन्या ग्राहकावर पूर्ण कमिशन जात असेल तर देवच वाचवो. आणि तिसरं, खरं उत्तर हवं असेल तर दोन-चार आठवडे कूपन बंद करून बघा. अ‍ॅफिलिएटची विक्री किती पडली ते बघायचं नाही, ती पडणारच. कंपनीची *एकूण* विक्री किती पडली ते बघायचं.

कुंपण
@आकडेमोड, आत्ता ऑफिसात बसून फाइल उतरवली. दोघांपैकी मोठी जी साइट आहे तिच्या गेल्या महिन्यातल्या विक्रीत निम्म्याहून जास्त खरेद्या क्लिकपासून ९० सेकंदांच्या आत. एक तर ११ सेकंदांत. ११ सेकंदांत आमचं पेमेंटचं पान उघडून पण होत नाही :(

दुपारची_झोप
११ सेकंद म्हणजे ब्राउझरचं एक्स्टेन्शन असणार, ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, पैसे भरताना तोच क्लिक नोंदवून टाकतो. त्या हनी नावाच्या कूपन शोधणाऱ्या एक्स्टेन्शनवरून नाही का झाला गदारोळ. पेपॅलने ते २०२० च्या सुरुवातीला सुमारे ४ अब्ज डॉलरला घेतलं होतं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूबरने व्हिडिओ काढून आरोप केला की पैसे भरायच्या पानावर ते दुसऱ्याच्या अ‍ॅफिलिएट कुकीवर (ग्राहक कोणाच्या लिंकवरून आला ती ब्राउझरमधली खूण) स्वतःची कुकी चढवतं, कूपन सापडलं नाही तरीसुद्धा. मग कोर्टात दावे लागले, पेपॅलने आरोप नाकारले. पण मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनांसाठी नियमच बदलला, की वापरणाऱ्याला काही प्रत्यक्ष फायदा होत नसेल तर अ‍ॅफिलिएट लिंक घुसवायची नाही.

बोरूबहाद्दर
अवांतर: हे अ‍ॅफिलिएट प्रकरण अ‍ॅमेझॉननेच काढलं ना पहिल्यांदा?

जुना_गडी
नाही हो. अ‍ॅमेझॉनचं १९९६ चं. त्याच्या आधी १९९४ मध्ये सीडीनाऊ नावाची गाण्यांच्या सीडी विकणारी साइट होती त्यांनी केलं होतं, आणि त्याच्याही आधी पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्स, प्रॉडिजी नेटवर्कवर, १९८९. फुलं विकायचे. अ‍ॅमेझॉनने ते घरोघरी नेलं.

आणि लबाडी पण तेवढीच जुनी. ईबेचं प्रकरण नव्या मॅनेजरने एकदा वाचावंच. त्यांच्या सगळ्यात मोठ्या दोन अ‍ॅफिलिएटवर ईबेने २००८ मध्ये दावा लावला, आरोप काय तर ईबेची लिंक न दाबणाऱ्या लोकांच्या ब्राउझरमध्येही गुपचूप ईबेची कुकी टाकून ठेवायचे, मग तो माणूस कधी आपणहून ईबेवर गेला की कमिशन यांना. कोट्यवधी डॉलर घेतले, पुढे फौजदारी खटला झाला, दोघांनी गुन्हा कबूल केला आणि २०१४ मध्ये शिक्षा झाली. माझा मुद्दा असा की यादीत ते *सगळ्यात वर* होते. आपण कायम यादीच्या खालच्या टोकाशी भांडतो आणि वरच्याला शुभेच्छांचे मेल टाकतो. तपासणी वरून सुरू करायची.

माझीच फजिती सांगतो. एका अ‍ॅफिलिएटचे आकडे एकदम चढले. शंका अशी की तो आमच्याच कंपनीच्या नावावर शोधात जाहिरात लावतोय, जे आमच्या नियमात बंद होतं. मी रोज सकाळी ऑफिसात आल्यावर आमचं नाव शोधायचो, काही दिसायचं नाही. महिनाभर मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं की माणूस स्वच्छ आहे. एक दिवस रात्री साडेअकराला दुसऱ्या शहरात राहणाऱ्या बहिणीचा स्क्रीनशॉट आला, दादा तुमच्या कंपनीची जाहिरात दिसतेय पण पत्ता विचित्र आहे. त्याने आमच्या ऑफिसचं शहर वगळलं होतं आणि जाहिरात फक्त रात्री दहानंतर चालवायचा. मला ओळखत होता तो, माझी शिफ्टसुद्धा.

रिकामटेकडा_७
रोमातून बाहेर येऊन बहिणीला दंडवत घालून परत रोमात.

टाचणी
सगळे चोरच दिसायला लागले हं आता. सगळ्या अ‍ॅफिलिएटकडे संशयाने बघणारा मॅनेजर हा सुद्धा एक त्रासच असतो. एकाने मला दर आठवड्याला 'रहदारीचा पुरावा' मागायला सुरुवात केली होती. मी काय लिहायचं सोडून पुरावेच गोळा करू?

जुना_गडी
मान्य. म्हणून नियम आधीच लिहून ठेवायचे, साध्या भाषेत, एका पानात. आमच्या नावावर जाहिरात चालेल की नाही, मेल पाठवलेले चालतील का, कोणते कूपन लावायचे, कमिशन किती दिवसांनी पक्कं होणार, कोणत्या कारणांनी रद्द होणार. मोडला तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा बंद. आणि एक, 'मला या लिंकमधून पैसे मिळतात' हे वाचकाला स्पष्ट सांगायचं हा नियम अ‍ॅफिलिएटला घालाच. त्याने लपवलं तर तुमचंही नाव जातं.

दुपारची_झोप
एक तांत्रिक गोष्ट राहतेय. कुंपण, तुमचं ट्रॅकिंग कुकीवर आहे का? सफारीत, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी २०१९ पासून फार तर ७ दिवस राहते, काही वेळा एकच दिवस. तुम्ही नियमात 'कुकी ६० दिवस' असं लिहिलं असेल तर आयफोनवाल्या ग्राहकाच्या बाबतीत ते आश्वासन खोटं पडतं, आणि त्यात मार खातो तो टाचणींसारखा लिहिणारा, कारण त्यांचाच वाचक उशिरा घेतो. कूपनवाल्याला काय, त्याला ९० सेकंद पुरतात. यावर उपाय म्हणजे क्लिकचा नंबर तुमच्या सर्व्हरवर जपून ठेवायचा आणि विक्री झाली की सर्व्हरकडून सर्व्हरला कळवायचं. याला पोस्टबॅक म्हणतात. डेव्हलपरला सांगा, त्याला कळेल.

आकडेमोड
अगदी. आणि हे केल्यावर तुमच्या १२२ 'विक्री शून्य' वाल्यांपैकी काहींची विक्री अचानक 'सुरू' होईल. ती आधीपासून होत होती, दिसत नव्हती एवढंच.

उंटावरचा_शहाणा
थोडक्यात, मोजायचं यंत्रच बिघडलेलं आणि आम्ही वजनावरून भांडतोय. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). कूपनवाल्यांबद्दल मत मात्र तेच.

बोरूबहाद्दर
कमिशन *कमी* करण्याबद्दल कोणी बोललं नाही. अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये फर्निचरचं ८ वरून ३ टक्क्यांवर आणलं, आठवड्याभराची सूचना देऊन. ते अ‍ॅमेझॉन म्हणून खपलं. कुंपण यांच्यासारख्या छोट्या प्रोग्रामाने असं केलं तर दुसऱ्या दिवशी लिंका गायब. कमी करायचंच असेल तर महिना-दोन महिने आधी सांगा, आणि ज्यांनी जुन्या दराने लेख लिहिलेत त्यांना काही काळ तोच दर ठेवा.

कुंपण
*(पाच आठवड्यांनी)*
धागा वर काढतोय. सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते, शिवाय काय झालं ते सांगायला हवं.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये '११ सेकंद' ही एकच गोष्ट दाखवली. साहेब पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, कर काय करायचं ते.

दोन आठवडे कूपन पूर्ण बंद केले, दोन्ही साइट्सना आधी कळवून. या दोघांची विक्री आमच्या एकूण विक्रीच्या साधारण १९ टक्के दिसायची. बंद केल्यावर एकूण विक्री पडली ४ टक्के. म्हणजे पाचातले चार जण त्यांच्याशिवायही आलेच असते. (आकडेमोड, दोन आठवडे कमी आहेत, महिनाअखेर त्यात आली नाही, सगळं मान्य.) पण पाचातला एक खरा होता, त्यामुळे उंटराव, हाकललं नाही. नव्या ग्राहकावर १० टक्के, जुन्यावर काही नाही, असं दोघांना कळवलं, सहा आठवड्यांची मुदत देऊन. लहान साइटने हो म्हटलं. मोठी निघून गेली, जाताना लांबलचक मेल लिहून. आणि पेमेंटच्या पानावरचा तो 'कूपन कोड आहे का?'चा मोठा चौकोन काढून बारीक अक्षरांतली ओळ केली. नागोबाला बीळ आम्हीच खणून दिलं होतं.

त्यातून जे वाचलं ते लिहिणाऱ्यांना नव्या ग्राहकावर ३० टक्के देतोय, साहेबांचा ३० चा आकडा पण राहिला.

१२२ पैकी ४० जणांना एकेक करून मेल लिहिले, साइट बघून. याला पूर्ण दोन आठवडे गेले, डोळे गेले. १३ जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या तिघांची एकच तक्रार, आमच्या जुन्या किमतीचे बॅनर अजून त्यांच्या साइटवर आहेत, वाचक येतो आणि किंमत वेगळी बघून परत जातो. नवे बॅनर आम्ही बनवले होते, कोणाला पाठवलेच नव्हते. एक व्हिडिओ बनवणारे शिक्षक आहेत, त्यांना त्यांच्या नावाचा कोड दिला होता, तो कोणीतरी उचलून कूपन साइटवर टाकला आणि त्यांची विक्री तिकडे जमा होत होती. आता क्लिक कोणाचाही असो, कोड ज्याचा त्याला कमिशन असं केलंय.

२७१ जणांना एक शेवटचा मेल टाकला, ३० दिवसांत लिंक लावा नाहीतर खातं बंद, परत यायचं असेल तर दार उघडं आहे. ९ जणांनी लावली. बाकीचे बंद.

पोस्टबॅक अजून झालेलं नाही. डेव्हलपर म्हणतो पुढच्या महिन्यात. मागच्या महिन्यात पण हेच म्हणाला होता.

आकडेमोड
छान केलंत. चाचणी तीन-चार महिन्यांनी एकदा परत करा, महिनाअखेर धरून.

उंटावरचा_शहाणा
मोठी गेली ना आपणहून? मग झालं. मी काही म्हणत नाही. (म्हणतोय.)

टाचणी
कुंपण, सगळं वाचलं, एक गोष्ट लिहिली नाहीत. पैसे कधी देता?

कुंपण
विक्रीनंतर ३० दिवसांनी पक्कं, त्यापुढच्या १० तारखेला खात्यात. रद्द झालं तर कारण, 'इतर' हा पर्याय यादीतून काढून टाकलाय. नियमांच्या पानावर लिहिलंय, साहेबांची संमती घेऊन.

टाचणी
बरं. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. होमपेजची नको.

रिकामटेकडा_७
४१३!

कुंपण
४१३ कसले हो, १५०. व्यनि केलाय ताई.